हाती काही न लागता

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांविषयी लिहिताना यशाची भाषा फारशी कामाला येत नाही. पहिले अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले त्याला दोनशे वर्षे उलटून गेली. 2011 च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती सुमारे 10 लाख 80 हजार भरले, म्हणजे शंभरात पुरता एकही नाही. त्यातलेही पुष्कळ वसई-मुंबईकडचे, ज्यांच्या पूर्वजांनी पोर्तुगीज अमलात बाप्तिस्मा घेतला होता. देशावर नगर, जालना, औरंगाबाद असे काही पट्टे सोडले तर तालुकेच्या तालुके असे आहेत की तिथे ख्रिस्ती घर शोधावे लागते. शाळा काढल्या, दवाखाने काढले, छापखाने चालवले, मराठी गद्याला वळण दिले, ही यादी मोठी आहे आणि ती वेळोवेळी छापूनही येते. पुढच्या पानांत एकत्र केलेली चरित्रे त्या यादीसाठी निवडलेली नाहीत. आपण हरतो आहोत हे ज्यांना डोळ्यांनी दिसत होते, ज्यांच्याजवळ परत फिरायला वाट होती आणि तरी ज्यांनी ख्रिस्त सोडला नाही, अशा मराठी माणसांची ही चरित्रे आहेत. त्यांच्या मागे एक परदेशी माणूसही उभा आहे. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

मी ख्रिस्ती नाही. आमचे घर माळकरी आहे. तेव्हा ही प्रस्तावना मी का लिहावी, हा प्रश्न संपादकांच्या आधी मलाच पडला. त्याचे उत्तर मला आमच्या गावातून जाणाऱ्या रस्त्यावर मिळाले. कल्याणहून निघालेला हमरस्ता माळशेज चढून ओतूर, आळेफाटा करीत राजुरीला येतो आणि पुढे बेल्हे, आणे, टाकळी ढोकेश्वर करीत नगर गाठतो. तुकोबांनी ज्यांना गुरू मानले त्या बाबाजी चैतन्यांची समाधी ओतूरला आहे. आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नगरला, नारायण वामन टिळक राहिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो, असे हे कवी सांगत. कांद्याच्या गोण्या आणि दुधाचे टँकर या रस्त्यावरून रोज जातात. भक्तीची एक परंपराही याच रस्त्याने ओतुरापासून नगरपर्यंत गेली. तिचे नगरकडचे टोक आमच्या भागात फारसे कोणी पाहिलेले नाही.

आळ्याच्या समाधीची गोष्ट इकडे लहान मुलालाही पाठ असते. रेड्याने वेद म्हटले हा चमत्कार आपण सांगतो, पण तो घडवायची वेळ का आली हे सांगताना आवाज जरा खाली येतो. विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून पुन्हा संसार केला म्हणून घर वाळीत पडले. देहान्त प्रायश्चित्त घेऊन आईबाप गेले, तरी पोरांवरचा डाग गेला नाही. ती चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्राह्मणांपुढे उभी राहिली. परंपरेने चमत्काराचा शेवट जोडून ती कथा गोड केली. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला, तर समाजाने नाकारलेली, पोरकी, एका कागदासाठी मैलोगणती चाललेली मुले उरतात. या पुस्तकातली माणसे मला तिथून ओळखीची वाटू लागली. वाळीत पडणे आणि कागद मागणे या दोन्ही गोष्टी पुढे पुन्हा पुन्हा येणार आहेत.

आता तो परदेशी माणूस. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी सॅम्युअल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला आले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, शिवाय त्या वेळी इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध चालू होते. दोघांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले. ते गलबतात बसून कोचीनपर्यंत गेले आणि तिथून पकडून पुन्हा मुंबईला आणले गेले. अखेर राहायची परवानगी मिळाली. हॉल मराठी शिकले, बाजारात आणि देवळांपाशी उभे राहून बोलू लागले, शाळा काढल्या, नव्या कराराचे भाषांतर हाती घेतले. अशी तेरा वर्षे गेली. त्यांच्या हयातीत बाप्तिस्मा घेणारे बोटांवर मोजावेत इतकेच निघाले. 1825 साली पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेला गेली, हे मागे राहिले. मार्च 1826 मध्ये पुस्तके वाटायला ते नाशिकला गेले, तर तिथे पटकीची साथ. जवळची औषधे लोकांना देऊन संपवली आणि मुंबईकडे परत निघाले. वाटेत एका गावी देवळाच्या ओसरीत मुक्काम पडला, तिथेच त्यांना पटकीने गाठले आणि काही तासांत ते गेले. सोबतच्या माणसांनी घोंगडीत गुंडाळून मूठमाती दिली. वय एक्केचाळीस. त्यांचा मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पुरा झाला.

हा वृत्तान्त वाचून मिशनऱ्यांविषयी मला उगाच उमाळा येत नाही. आपल्या लोकांच्या देवांविषयी त्यांनी जे लिहिले त्यातले पुष्कळ मला आजही बोचते, आणि त्यांच्या पाठीशी सत्तेची सावली होती हेही खरे. मात्र तेरा वर्षांच्या जमाखर्चात जमेला जवळजवळ शून्य असताना हा माणूस घरी गेला नाही. का गेला नाही, याचे व्यवहारी उत्तर सापडत नाही. हॉल यांच्या पाठीमागे निदान त्यांना पाठवणारी बोस्टनची मंडळी होती. मराठी माणसांच्या पाठीमागे कोणी नव्हते, म्हणून त्यांची गोष्ट अधिक अवघड आहे.

त्यांतले सर्वांत अवघड प्रकरण नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांचे. जन्म 1825 चा, कोकणस्थ ब्राह्मण घराणे, वाढले काशीत. ख्रिस्ती मताचे खंडन करायचे म्हणून त्यांनी संस्कृतात ग्रंथ लिहिला. खंडन करता करता प्रतिपक्ष मनात शिरला आणि 1848 साली जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता नाव नहेम्या झाले. बापाचे घर तुटले. पाच वर्षांत पत्नी गेली, मागे तान्ही मुलगी. पुढे 'षड्दर्शनदर्पण' लिहिणारा, भल्याभल्या विद्वानांशी वाद घालणारा हा पंडित आयुष्यभर एका दुखण्याने बेजार होता. ते दुखणे म्हणजे शंका. आपण बरोबर केले का, हे खरे असेल का, या विचारांनी त्यांना शेवटपर्यंत पछाडले. मिशन बदलून पाहिले, पंथ बदलून पाहिला, संन्यस्त संघात गेले आणि तिथेही उमेदवारीच्या पलीकडे पाऊल पडले नाही. 1895 साली ते मुंबईत वारले तेव्हा शंका मिटल्या होत्या असे कोणी म्हणत नाही. त्यांच्या चरित्रकारानेही ही गोष्ट लपवलेली नाही, याबद्दल त्याला धन्यवाद दिले पाहिजेत.

गोऱ्हे या पुस्तकात हवेतच असा आग्रह मी धरला. श्रद्धा टिकवणे म्हणजे मनात एकही प्रश्न न उठणे, असा एक समज देवळात आहे तसा चर्चमध्येही आहे. आमच्याकडे कीर्तनकार म्हणतात, संशय आला की भक्ती गेली. गोऱ्ह्यांना रोज संशय येई आणि रोज सकाळी ते प्रार्थनेला उभे राहत. हे ढोंग म्हणावे तर त्यातून त्यांना मिळाले काय? मान गेला, माणसे गेली, झोपही गेली. मला तरी त्यांच्याइतका चिवट विश्वासू दुसरा दिसत नाही.

पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती विचाराकडे ओढणाऱ्यांत हेच गोऱ्हे होते. रमाबाईंविषयी मराठीत इतके लिहून झाले आहे की नव्याने सांगताना संकोच वाटतो. तरी या विषयात त्यांना बगल देता येत नाही, कारण एक श्रद्धा निराशेने मोडल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आधीच होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत देशभर हिंडत. दुष्काळ पडला, पैसा संपला. शास्त्रात सांगितलेली व्रते, जप, दाने, तीर्थस्नाने सगळी झाली. ज्या देवाची म्हणून आराधना सांगितली आहे त्याची केली. 1874 च्या सुमारास काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. उरलेली दोघे भावंडे पायी उत्तर हिंदुस्थान पालथा घालत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथे पंडितांनी या मुलीला 'सरस्वती' पदवी दिली, पण तोवर तिच्या मनातली जुनी श्रद्धा विझली होती. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी विवाह झाला आणि 1882 च्या आरंभी पटकीने तेही गेले. कडेवर मुलगी मनोरमा घेऊन त्या पुण्याला आल्या तेव्हा वय जेमतेम चोवीस होते.

सप्टेंबर 1883 मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याआधी काही दिवस तिथेच आत्महत्या केली होती. हा बाप्तिस्मा कसल्या काळोखात झाला असेल, याची कल्पना उत्साही चरित्रकारांना सहसा येत नाही. पुढची गंमत अशी की ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांच्याशीच बाईंचे भांडण सुरू झाले. त्रैक्याचे मत असे का मानायचे, बिशप सांगतात म्हणून मी का ऐकायचे, पुरुषांना शिकवायला मज्जाव का, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात विचारले. एका धर्मसत्तेचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसरे मानेवर घेण्यासाठी नाही, असा त्यांचा रोख होता. वाँटेजच्या बाया त्यांना गर्विष्ठ म्हणत, पुण्याचे लोक बाटगी म्हणत. दोन्हीकडून बोलणी खात त्या ख्रिस्ताजवळ राहिल्या. खुद्द रमाबाईंनी मागे वळून लिहिताना सांगितले आहे की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. 1891 च्या सुमारास त्यांना तो मिळाला.

तो मिळाला आणि संकटे वाढली. मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदासदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. बालविधवांना शिकवणारी ही शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे, मुली येऊन बसत. एवढ्यावरून 1893 साली पुण्यात वणवा पेटला. 'केसरी'ने कोरडे ओढले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार, जे खरोखर बाईंच्या बाजूचे होते, त्यांनीही राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून प्रार्थना केली असती तर कदाचित भागले असते. रमाबाईंनी दार लावले नाही. हा निर्णय शहाणपणाचा होता का, यावर वाद घालता येईल, मी स्वतः घालतो. दिलेला शब्द आणि मनातला विश्वास यांत कुठे रेघ ओढायची हे त्यांना पुरते साधले असे मला वाटत नाही. त्यांच्या टीकाकारांत सगळेच दुष्ट नव्हते, हे त्यांच्या भक्तांनी एकदा मान्य करून टाकावे.

पुण्याने पाठ फिरवल्यावर त्या केडगावच्या माळावर गेल्या. तिथे थोडी जमीन घेतली होती, विहिरी खणल्या होत्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली, टाकलेल्या बाया गोळा करून आणल्या. वीस-बावीस वर्षांपूर्वी जो दुष्काळ त्यांच्या आईबापांना खाऊन गेला होता त्याच्याच तोंडातून ही माणसे काढायची होती. 1900 मध्ये गुजरातेतल्या दुष्काळाची भर पडली आणि केडगावच्या मुक्तिसदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या तोंडांना रोज दोन वेळ भाकरी घालणे म्हणजे काय, हे ज्याने गावच्या सप्ताहाची पंगत सांभाळली आहे त्याला विचारावे. पंगत सात दिवसांत उठते. इथे रोजच सप्ताह होता, आणि वर्गणी मागायची नाही, देवाजवळ मागायचे, असा बाईंचा नेम होता.

याच गडबडीत त्यांनी बायबलाचे नवे मराठी भाषांतर काढले. आधी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कानांना नीट ऐकू येईना, तरी काम चालू होते. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. जिला संस्कृत मुखोद्गत, तिने संस्कृत शब्द वेचून वेचून काढले आणि त्या जागी दळणकांडणातले शब्द घातले. छापखाना मुक्तीचाच. खिळे जुळवणाऱ्या बायका त्याच, ज्यांना दुष्काळातून उचलून आणले होते. मुक्तीत अक्षर शिकलेल्या त्या यशयाच्या पुस्तकाचे फर्मे लावू लागल्या. एकेक फर्मा छापायचा, बाईंनी मुद्रिते तपासायची, खिळे सोडवून पुन्हा खणात टाकायचे, की पुढचा फर्मा. नवा करार 1913 मध्ये निघाला. जुन्या कराराचे काम रेंगाळत राहिले. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सगळे सोपवायचे ती चाळिशीच्या उंबरठ्यावर गेली. रमाबाई त्यानंतर जेमतेम आठ-नऊ महिने जगल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर आणि मुद्रिते पुरी झाली होती. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडले.

हे बायबल फारसे चालले नाही. मराठी मंडळ्यांतून वाचले जाते ते बायबल सोसायटीचे. रमाबाईंची प्रत अभ्यासकांच्या कपाटात आणि केडगावात सापडते. आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे ज्यात घातली ते काम ज्यांच्यासाठी केले त्या खेड्यातल्या बायांपर्यंत थोडेच पोचले. ही गोष्ट चरित्रांच्या शेवटी सहसा सांगत नाहीत. मला ती सांगावीशी वाटते, कारण विषय हाच आहे.

टिळकांकडे वळताना पहिली अडचण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आहे. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र ज्याने वाचले त्याला नारायणराव लक्ष्मीबाईंच्या नजरेतूनच दिसतात आणि हसू आल्यावाचून राहत नाही. पण 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा हसण्यासारखे काही नव्हते. नवरा जिवंत असून बायको विधवेसारखी झाली. माहेर-सासरच्या माणसांनी तिच्यावर पहारा ठेवला, न जाणो, जिवाचे काही करून घेईल. मुलगा तिच्याजवळ. टिळक नगरला एकटे. ती चार-साडेचार वर्षे दोघांनी कशी काढली असतील? टिळकांनी कविता लिहिल्या, पत्रे लिहिली, वाट पाहिली. बायकोला ओढून आणले नाही. ती आली तेव्हाही सोवळे-ओवळे घेऊनच आली. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी तेही चालू दिले.

या घरात खरा बदल कसा झाला हे लक्ष्मीबाईंनी अशा साधेपणाने सांगितले आहे की धर्मांतराच्या कुठल्याही पत्रकाने शरमावे. कोणी प्रवचन दिले नाही. एका प्रवासात, झाडाखाली बसल्या असता, त्यांच्याच मनात आले की माणसांत वरखाली करणारी जात देवाने केली असेल का? उत्तर नाही असे आले. तेव्हापासून कोणाच्याही हातचे खायचे असे त्यांनी ठरवले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या बाईचे सर्वस्व या धर्माने पाच वर्षांपूर्वी हिरावले होते तीच स्वतःच्या पायांनी चालत त्यात गेली.

टिळकांचा उत्तरकाळ मात्र कडू आहे. मिशनची पगारी नोकरी, परदेशी साहेबांच्या मंजुरीवर चालणारी मंडळी, टाळ-मृदंगाला नाक मुरडणारे ख्रिस्तीपण, हे त्यांना सोसवेना. 1917 मध्ये त्यांनी पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा होती. ही कल्पना आजही काळाच्या पुढची वाटते. पण दोन वर्षांतच, 9 मे 1919 ला, टिळक वारले आणि दरबाराचा जोम ओसरला. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर अडले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. लग्नात ज्यांना धड वाचताही येत नव्हते त्यांनी नवऱ्याच्या अपुऱ्या काव्याला साठाहून अधिक अध्याय जोडले. 1936 मध्ये त्या गेल्या. आज 'स्मृतिचित्रे' घरोघरी आहे, 'ख्रिस्तायन' वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

येथवरची सगळी मराठी ख्रिस्ती माणसे ब्राह्मण घरची आहेत हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. पुस्तकाच्या संपादकांनाही ते सलत होते. नगर-जालना पट्ट्यातली मंडळी भरली ती महार-मांग वाड्यांतून, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पण त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत, आणि ज्यांनी लिहिले ते जपून ठेवायला कोणी नव्हते. त्यांची निष्ठा शोधायची तर सरकारी कागदांत शोधावी लागते.

10 ऑगस्ट 1950 ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीत धरायचे नाही असे ठरले. 1956 मध्ये शिखांना, 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. बाप्तिस्म्याने गावकीतले वागणे बदलले नव्हते. विहीर तीच, वस्ती तीच, शिवी तीच. सवलत मात्र गेली. इतर मागासवर्गात जागा मिळाली, तरी अनुसूचित जातीचे संरक्षण त्यात येत नाही. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका पडून आहेत. 2007 मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढावी असे सुचवले, ते सरकारने स्वीकारले नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये निवृत्त सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. आता या लढ्यातली तिसरी पिढी म्हातारी होत आली.

अशा घरात पोरगा दहावी झाला की प्रश्न उभा राहतो. शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचे? 'हिंदू महार' लिहिले तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह आहे, पुढे जात पडताळणी सुरळीत. 'ख्रिश्चन' लिहिले तर ही दारे बंद. पुष्कळांनी कागदावर एक आणि रविवारी दुसरे असा संसार केला. त्यांना लबाड म्हणायला जीभ रेटत नाही. लेकराचे शिक्षण आणि देवाचे नाव यांतले एक निवड, असे सरकारनेच सांगितल्यावर बापाने काय करावे? आणि ज्यांनी 'ख्रिश्चन' असेच लिहिले, पोराला वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाताना पाहिले आणि तरी रविवारी मंडळीत पुढच्या बाकावर बसले, त्यांना काय म्हणावे? चर्चनेही त्यांना नेहमी साथ दिली असे नाही. जातीचे बाक तिथेही होते, लग्ने जात बघूनच होत. बाहेर सरकार आणि आत सोयरीक, दोन्हीकडे नकार. पैठणला शुद्धिपत्र मागणाऱ्या भावंडांना निदान एकाच सभेपुढे उभे राहावे लागले.

कोणी म्हणेल, हरत असताना धरून बसणे यात मोठेपणा कसला, हा हटवादीपणा झाला. आक्षेप खोटा नाही. मीही त्याला पुरता ओलांडू शकलेलो नाही. दुःख सोसण्याचा गौरव करण्यात एक धोका आहे. तो गौरव नेहमी दुसऱ्याच्या दुःखाचा असतो आणि न्याय मागणाऱ्याला गप्प बसवायला फार सोयीचा असतो. ख्रिस्ती शास्त्र मात्र या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा प्रामाणिक आहे. ईयोब देवाला कोर्टात खेचतो. यिर्मया जन्मदिवसाला शाप देतो. हबक्कूक विचारतो, किती दिवस ओरडू? क्रुसावरचा येशूही देवाने आपल्याला का टाकले असे विचारतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर विश्वासू माणसांची मोठी यादी देऊन सांगितले आहे की वचन दिलेली गोष्ट यांतल्या कोणाच्याही हाती लागली नाही. ही माणसे गप्प सोसणारी नव्हती. ती देवाशी भांडली आणि भांडता भांडता त्याच्याच दारात बसून राहिली. आमच्या परंपरेला हे अगदी ओळखीचे आहे. विठ्ठलाला शिव्या देणारी जनाबाई आणि त्याचे दिवाळे काढणारे तुकोबा आमच्याच घरचे. माझा निवाडा असा की फळाकडे पाहून जी श्रद्धा टिकते तिची परीक्षाच झालेली नसते. झालीच असेल तर ती गोऱ्ह्यांची, मुक्तीतल्या खिळे जुळवणाऱ्या बायांची आणि दाखल्यावर खरे लिहिणाऱ्या त्या बापाची झाली.

वाचकाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ही चरित्रे क्रमाने वाचायलाच हवीत असे नाही. गोऱ्ह्यांचे प्रकरण जड वाटले तर लक्ष्मीबाईंपासून सुरुवात करा, मात्र गोऱ्ह्यांना वगळू नका. दुसरे असे की कुठेही धर्मांतराच्या बाजूने किंवा विरुद्ध पुरावा शोधू नका. तो वाद घालायला इतर पुस्तके आहेत आणि ती पुरेशी आहेत. ख्रिस्ती वाचकांना वेगळी विनंती आहे. तुमच्या आजी-आजोबांच्या पेटीत जुनी उपासना-संगीताची पुस्तके, बाप्तिस्म्याचे दाखले, मंडळीची हजेरीपत्रके, पाळकांची पत्रे असतील तर ती रद्दीत घालू नका. वाड्या-वस्त्यांवरच्या ज्या माणसांना या पुस्तकात नावानिशी जागा देता आली नाही, त्यांचा इतिहास त्याच कागदांत आहे. आणि पुणे जिल्ह्यातल्या सर्वांनाच सांगतो, केडगाव दौंडच्या रेल्वेमार्गावर आहे, रमाबाईंचे मुक्ती मिशन अजून चालू आहे. एकदा जाऊन या.

राजुरी, ता. जुन्नर, जि. पुणे